पूर्ण वर्ग विभाजक मोजताना गाडी अडते कुठे? मूळ अवयवांपासून उत्तरापर्यंत, टप्प्याटप्प्याने

फळ्यावर एक प्रश्न लिहिला: ७२०० चे किती विभाजक पूर्ण वर्ग आहेत? पंधरा मिनिटांनी मुलांच्या वह्यांमधली उत्तरं फळ्याच्या कडेला एकाखाली एक मांडली. ८४, २७, १६, ११, ७, ३ आणि २. बरोबर उत्तर आहे १२.

गंमत अशी, की सूत्र बहुतेकांना पाठ होतं. आकडेमोडीतही फारसं कुणी चुकलं नव्हतं. या सात उत्तरांमागे काही ठरावीक चुका आहेत, आणि वर्षानुवर्षं त्याच त्याच येतात. आठवी-नववीच्या मुलांच्या वहीत येतात, तशाच स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मोठ्यांच्या वहीतही येतात. म्हणून नुसतं सूत्र सांगण्यात अर्थ नाही. कोणत्या पायरीवर पाय घसरतो ते दाखवायला हवं. खाली पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत, त्याच क्रमाने करा.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एकच गोष्ट: २^४ म्हणजे २ चा चौथा घात, अर्थात २ × २ × २ × २. यात २ हा पाया, ४ हा घातांक.

टप्पा १: विचारलंय काय ते आधी ठरवा

फळ्यावरचं ८४ इथे जन्मलं. त्या मुलाने १ पासून ७२०० पर्यंत एकूण किती वर्गसंख्या आहेत ते मोजलं. ८४ चा वर्ग ७०५६, ८५ चा वर्ग ७२२५, म्हणून ८४. गणित बिनचूक, पण प्रश्न भलताच. आपल्याला हव्यात त्या फक्त अशा वर्गसंख्या, ज्यांनी ७२०० ला निःशेष भाग जातो. ३६ चालेल, कारण ७२०० ÷ ३६ = २००. ४९ ही वर्गसंख्या आहे, ७२०० पेक्षा लहानही आहे, पण तिने भाग जात नाही. ती बाद.

आणखी तीन गोष्टी इथेच मनाशी पक्क्या करा. विभाजक म्हणजे धन विभाजक. १ ही वर्गसंख्या आहे आणि ती प्रत्येक संख्येला भागते, त्यामुळे ती मोजायचीच. फळ्यावरचं ११ हे १ ला विसरल्यामुळे आलं होतं. आणि दिलेली संख्या स्वतः पूर्ण वर्ग असायलाच हवी असं नाही. ७२०० पूर्ण वर्ग नाही, तरी तिचे बारा विभाजक पूर्ण वर्ग आहेत.

टप्पा २: कागदाची तयारी

ही पायरी सगळे गाळतात आणि रफ कामाच्या जंगलात हरवतात. पानाच्या डाव्या बाजूला भागाकाराची उभी मांडणी करायला जागा सोडा. उजव्या बाजूला चार रकाने आखा: मूळ संख्या, तिचा घातांक, चालणारे घातांक, पर्यायांची संख्या. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो का, ते टप्पा ५ मध्ये कळेल.

पानाच्या डोक्यावर ५० पर्यंतच्या मूळ संख्या लिहून ठेवा: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७. त्यांच्याखाली तोतयांची यादी. दिसायला मूळ, पण आतून फुटणाऱ्या या संख्या:

५१ = ३ × १७
५७ = ३ × १९
८७ = ३ × २९
९१ = ७ × १३
११९ = ७ × १७
१३३ = ७ × १९
१४३ = ११ × १३
१६१ = ७ × २३
२२१ = १३ × १७

यातल्या ९१ ने जितक्या मुलांना फसवलंय, तितकं दुसऱ्या कुठल्याच संख्येने फसवलं नसेल. दहापर्यंतच्या पाढ्यांत ती भेटत नाही, सम नाही, शेवटी ५ नाही, अंकांची बेरीज १०. मग 'मूळ असणार' म्हणून पुढे जायचं, आणि संख्येत दुसरीकडे आणखी एक ७ असेल तर ४९ हा विभाजक कायमचा हुकायचा.

टप्पा ३: मूळ अवयव पाडा, शेवटपर्यंत

आता एक उदाहरण पहिल्यापासून शेवटपर्यंत नेऊ. संख्या घेऊ २,२६,८००.

लहान मूळ संख्येपासून सुरुवात. एका मूळ संख्येने भाग जातोय तोवर तिलाच धरून राहायचं, मगच पुढच्या संख्येकडे.

२ ने: २२६८०० → ११३४०० → ५६७०० → २८३५० → १४१७५. चार वेळा.
३ ने: १४१७५ → ४७२५ → १५७५ → ५२५ → १७५. चार वेळा.
५ ने: १७५ → ३५ → ७. दोन वेळा.
७ ने: ७ → १. एकदा.

म्हणजे २२६८०० = २^४ × ३^४ × ५^२ × ७^१.

शेवटी दोन शून्यं दिसली की १०० वेगळे काढायचा मोह होतो. काढा, काहीच हरकत नाही. २२६८ × १०० असं मांडा. पण १०० मधले दोन २ आणि दोन ५ नंतर २२६८ च्या अवयवांत मिसळायचे आहेत हे विसरू नका. न मिसळण्याचा परिणाम पुढच्या टप्प्यात दिसेलच.

सावधान: पाया मूळ संख्याच हवा. एका मुलीने ७२०० = ८ × ९ × १०^२ असं लिहिलं. हे खरं आहे, पण हे मूळ अवयव नव्हेत. तिने ८ चा घातांक १, ९ चा घातांक १, १० चा घातांक २ धरून सूत्र चालवलं (सूत्र, आणि घातांक सम का लागतो ते, टप्पा ५ मध्ये येतंय) आणि उत्तर आलं २. तिच्या मांडणीत ९ हा विभाजक मोजलाच जात नाही, कारण ९ चा घातांक विषम दिसतो. प्रत्यक्षात ९ स्वतःच वर्ग आहे! पायात ४, ६, ८, ९, १० असलं काहीही दिसलं की थांबा आणि फोडा.

पडताळा: उजव्या रकान्यातल्या घातांकांची बेरीज करा. ४ + ४ + २ + १ = ११. डावीकडे भागाकार किती वेळा केला ते मोजा. तेही ११ हवेत. जुळत नसेल तर उतरवताना कुठेतरी एखादा घातांक निसटलाय. त्यानंतर एकदा उलटा गुणाकार करून दिलेली संख्या परत मिळते का तेही बघा.

मोठा अवयव हटून बसला तर

लहान मूळ संख्यांनी भागून झाल्यावर कधी कधी ११४७ सारखी संख्या उरते. ती मूळ आहे की नाही हे शोधण्यात मुलं पाच-पाच मिनिटं घालवतात. या प्रश्नापुरती एक पळवाट आहे, आणि ती फारशी कुणी शिकवत नाही.

उरलेल्या संख्येच्या घनमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहा. एकानेही भाग गेला नाही, तर त्या संख्येत तीन मूळ अवयव मावूच शकत नाहीत. तिघेही घनमुळापेक्षा मोठे असते, तर त्यांचा गुणाकार संख्येच्या पलीकडे गेला असता. मग तीनच शक्यता उरतात: ती मूळ आहे, दोन वेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार आहे, किंवा एकाच मूळ संख्येचा वर्ग आहे. पहिल्या दोन्हींत घातांक १ च असतो, म्हणजे आपल्या कामाचं काही नाही. तपासायचं एवढंच: ती वर्गसंख्या आहे का?

१० चा घन १०००, ११ चा घन १३३१. म्हणजे ११४७ चं घनमूळ १० आणि ११ च्या मध्ये. २, ३, ५, ७ ने भाग जात नाही. ३३ चा वर्ग १०८९ आणि ३४ चा ११५६, म्हणजे ११४७ वर्गही नाही. संपलं. २७५२८ = २^३ × ३ × ११४७ या संख्येचे पूर्ण वर्ग विभाजक फक्त दोन, १ आणि ४. (११४७ म्हणजे ३१ × ३७, पण ते माहीत नसतानाही उत्तर निघालं.)

उलट उरलेली संख्या ९६१ असती तर? २, ३, ५, ७ ने तिलाही भाग जात नाही. पण ती ३१ चा वर्ग आहे. तेव्हा तिच्या जागी ३१^२ लिहायचं. २३०६४ = २^३ × ३ × ३१^२, आणि पूर्ण वर्ग विभाजक चार होतात: १, ४, ९६१, ३८४४.

टप्पा ४: सारखे पाये एकत्र करा, मगच पुढे

संख्या गुणाकाराच्या रूपात दिली असेल तर हा टप्पा जीवघेणा. उदाहरण: १२^५ × १८^३ चे किती विभाजक पूर्ण वर्ग?

१२ = २^२ × ३, म्हणून १२^५ = २^१० × ३^५.
१८ = २ × ३^२, म्हणून १८^३ = २^३ × ३^६.
एकत्र: २^१३ × ३^११.

उत्तर ७ × ६ = ४२. (७ आणि ६ कसे आले ते लगेच पुढे येतंय.)

आता चुकीची वाट पाहा. १२^५ चे पूर्ण वर्ग विभाजक १८, १८^३ चे ८, आणि १८ × ८ = १४४. एका गाइडमध्ये अशाच धर्तीच्या गणिताचं उत्तर असंच सुटं सुटं मोजून छापलेलं मी पाहिलंय. ही पद्धत दोन्ही गुणकांमध्ये एकही सामाईक मूळ अवयव नसेल तेव्हाच चालते. इथे दोन्हींत २ आहे, दोन्हींत ३ आहे. मग ३६ सारखा एकच विभाजक कधी एकीकडून, कधी दुसरीकडून, कधी दोन्हींत वाटून असा पुन्हा पुन्हा मोजला जातो.

सावधान: कधी कधी चुकीच्या वाटेनेही बरोबर उत्तर हाती लागतं. ६^३ × १५^३ सुटं मोजलं तर ४ × ४ = १६, आणि एकत्र करून २^३ × ३^६ × ५^३ केलं तरी २ × ४ × २ = १६. असं एखादं गणित जुळलं की मुलाला वाटतं आपली पद्धत बरोबर. ते जुळणं योगायोगाचं असतं.

टप्पा ५: चालणारे घातांक लिहून काढा

हाच सगळ्या प्रकरणाचा गाभा, म्हणून इथे जरा रेंगाळू.

२२६८०० चा कुठलाही विभाजक घ्या. त्याच्यात २, ३, ५, ७ याशिवाय दुसरा मूळ अवयव असू शकत नाही, आणि कुणाचाही घातांक दिलेल्या संख्येतल्या घातांकापेक्षा जास्त असू शकत नाही. आता तो विभाजक पूर्ण वर्ग हवा. पूर्ण वर्ग म्हणजे एखाद्या संख्येला तिनेच गुणलेलं. त्या संख्येत जेवढे २ असतील, त्याच्या दुप्पट वर्गात येणार. ३ चंही तसंच, ५ चंही. म्हणून पूर्ण वर्गात प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक सम असतो. ० हाही समच.

आता तिसरा रकाना भरा. सूत्र बाजूला ठेवा आणि खरोखर आकडे लिहा:

२, घातांक ४: चालणारे ०, २, ४. पर्याय ३.
३, घातांक ४: चालणारे ०, २, ४. पर्याय ३.
५, घातांक २: चालणारे ०, २. पर्याय २.
७, घातांक १: चालणारा फक्त ०. पर्याय १.

किमान दहा गणितं अशी यादी लिहूनच करा. माझ्या अनुभवात, ज्यांनी थेट सूत्राने सुरुवात केली ते महिन्याभराने चुकतात. ज्यांनी याद्या लिहिल्या त्यांना सूत्र पाठ करावंच लागत नाही.

सूत्र असं: घातांकाचं निम्मं करा, अर्धा उरला तर टाकून द्या, मग १ मिळवा. घातांक ५ असेल तर निम्मे अडीच, अर्धा टाकला, राहिले २, अधिक १ म्हणजे ३. यादीशी ताडून पाहा: ०, २, ४. तीनच. वरच्या १३ आणि ११ चे ७ आणि ६ असेच आले.

फळ्यावरच्या सातांपैकी तीन उत्तरं या एका ओळीत बिघडली. ७२०० = २^५ × ३^२ × ५^२ हे लक्षात ठेवून पाहा.

१६ कसं आलं? अर्धा टाकण्याऐवजी वर चढवला. अडीचचे तीन केले, अधिक १ म्हणजे ४. मग ४ × २ × २ = १६. अर्धा वर चढवायचा म्हणजे २^६ ला परवानगी द्यायची, आणि आपल्याकडे २ पाचच आहेत.

२ कसं आलं? १ मिळवायचाच राहिला. २ × १ × १ = २. (८ × ९ × १०^२ वाल्या मुलीचंही उत्तर २ च होतं. चूक निराळी, उत्तर एकच. म्हणून मुलांची नुसती उत्तरं तपासून भागत नाही, वही बघावी लागते.)

३ कसं आलं? क्रम उलटा झाला. आधी १ मिळवला, मग निम्मे केले, मग अर्धा टाकला. ५ अधिक १ म्हणजे ६, निम्मे ३. २ अधिक १ म्हणजे ३, निम्मे दीड, अर्धा टाकला, १. मग ३ × १ × १ = ३.

ही तिसरी चूक सर्वांत चिवट आहे, कारण घातांक विषम असेल तर उलट्या क्रमानेही उत्तर बरोबर येतं. घातांक १, ३, ५ घेऊन दोन्ही क्रमांनी करून बघा: दोन्हीकडे १, २, ३. फरक पडतो तो सम घातांकावर. घातांक २ असेल तर सरळ क्रमाने २, उलट्याने १. घातांक ४ असेल तर सरळ क्रमाने ३, उलट्याने २. सरावाची सुरुवात नेमकी विषम घातांकांच्या उदाहरणाने झाली, की चुकीचा क्रम हातात बसतो आणि पुढे वर्षभर निघत नाही. शिकवणाऱ्यांना विनंती: पहिलं उदाहरण सम घातांकाचं घ्या.

पडताळा: पर्यायांच्या रकान्यात ० कधीच येत नाही. ७ चा घातांक १ आहे म्हणून 'पर्याय नाही' असं म्हणत काही जण ० लिहितात, आणि गुणाकारात सगळंच भुईसपाट होतं. ७ अजिबात न घेणं हाही एक पर्याय आहे. तो १ मोजायचा.

टप्पा ६: गुणाकार करा, बेरीज नाही

३ × ३ × २ × १ = १८. २२६८०० चे १८ विभाजक पूर्ण वर्ग आहेत.

फळ्यावरचं ७ बेरजेतून आलं: ३ + २ + २. बेरीज का नाही? २ चा घातांक निवडताना तीन वाटा. त्यातल्या प्रत्येक वाटेवर ३ साठी पुन्हा स्वतंत्र वाटा. तीन सदरे आणि दोन पँटी असतील तर पोशाख सहा होतात, पाच नाही.

२७ हे उत्तर जरा अभ्यास झालेल्या मुलाचं होतं. एकूण विभाजकांचं सूत्र त्याला येत होतं: प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार, ६ × ३ × ३ = ५४. मग त्याने विचार केला, निम्मे घातांक सम असतात, तर निम्मे विभाजक वर्ग असणार. ५४ चे निम्मे २७. पण पूर्ण वर्ग होण्यासाठी सगळे घातांक एकाच वेळी सम हवेत. एखादा जरी विषम निघाला तरी तो विभाजक बाद. एकूण विभाजकांच्या संख्येवरून वर्ग विभाजकांची संख्या काढायचा कोणताही आखूड रस्ता नाही. अवयवांकडेच परत जावं लागतं.

टप्पा ७: दुसऱ्या वाटेने तेच उत्तर आणा

तीच आकडेमोड पुन्हा करण्याला पडताळा म्हणत नाहीत. तीच चूक पुन्हा होते. दुसरी वाट अशी: संख्येत मावणारा सर्वांत मोठा पूर्ण वर्ग काढा, त्याचं वर्गमूळ घ्या आणि त्या वर्गमुळाचे एकूण विभाजक मोजा. ती संख्या म्हणजेच आपलं उत्तर.

२२६८०० मध्ये मावणारा सर्वांत मोठा वर्ग २^४ × ३^४ × ५^२ = ३२४००. त्याचं वर्गमूळ १८०. आणि १८० चे विभाजक: १, २, ३, ४, ५, ६, ९, १०, १२, १५, १८, २०, ३०, ३६, ४५, ६०, ९०, १८०. मोजा, अठरा. यांतल्या प्रत्येकाचा वर्ग केला की २२६८०० चे सगळे पूर्ण वर्ग विभाजक हाती येतात: १, ४, ९, १६, २५, ३६, ८१, १००, १४४, २२५ असं करत ३२४०० पर्यंत.

७२०० मध्ये सर्वांत मोठा वर्ग ३६००, वर्गमूळ ६०. ६० चे विभाजक बारा. त्यांचे वर्ग: १, ४, ९, १६, २५, ३६, १००, १४४, २२५, ४००, ९००, ३६००. फळ्यावरचा वाद इथे मिटतो.

परीक्षेत एवढा वेळ नसेल तर निदान इतकं करा: आलेल्या उत्तराचा वर्ग दिलेल्या संख्येपेक्षा मोठा नाही ना हे पाहा. तेवढ्यानेही ढोबळ चुका पकडल्या जातात. मात्र ८४ सारखी चूक यातून सुटते, हे ध्यानात असू द्या.

टप्पा ८: अटी बदलल्या तर तिसरा रकाना बदला

सूत्र पाठ करणारे इथे अडखळतात. याद्या लिहिणाऱ्यांना काहीच नवं शिकावं लागत नाही. संख्या तीच, २२६८००.

विषम पूर्ण वर्ग विभाजक किती? २ साठी फक्त ० चालेल. १ × ३ × २ × १ = ६. ते म्हणजे १, ९, २५, ८१, २२५, २०२५.

१२ ने भाग जाणारे पूर्ण वर्ग विभाजक किती? १२ = २^२ × ३. २ चा घातांक किमान २: म्हणून २, ४. ३ चा घातांक किमान १, पण सम हवा: म्हणून २, ४. ५ साठी ०, २. ७ साठी ०. एकूण २ × २ × २ × १ = ८. इथे एक बारीक गोष्ट आहे. पूर्ण वर्गाला १२ ने भाग जात असेल तर ३६ नेही जातोच, कारण ३ एकटा राहू शकत नाही. पर्यायांमध्ये '१२ चा पट' आणि '३६ चा पट' अशी दोन वेगळी उत्तरं देऊन गोंधळवतात. दोन्हींचं उत्तर एकच.

पूर्ण वर्ग नसलेले विभाजक किती? एकूण ५ × ५ × ३ × २ = १५०. त्यातून १८ वजा, १३२.

पूर्ण घन विभाजक किती? घातांक ०, ३, ६ असे. २ × २ × १ × १ = ४, म्हणजे १, ८, २७, २१६. वर्ग किंवा घन विचारलं तर १८ + ४ = २२ लिहू नका; १ दोन्हीकडे मोजला गेलाय. उत्तर २१.

टप्पा ९: फॅक्टोरियल आलं तर

२०! म्हणजे १ पासून २० पर्यंतच्या संख्यांचा गुणाकार, १९ अंकी संख्या. ती गुणून मग अवयव पाडायला बसू नका. तसे बसणारे महाभाग मी पाहिलेत. घातांक थेट मोजता येतात.

२ साठी: २० पर्यंत २ च्या पटी १०. त्यांतल्या ४ च्या पटींत आणखी एक-एक २, त्या ५. ८ च्या पटी २. १६ ची पट १. बेरीज १८.
३ साठी: ३ च्या पटी ६, ९ च्या पटी २. बेरीज ८.
५ साठी: ४. ७ साठी: २. ११, १३, १७, १९ प्रत्येकी १.

पर्याय: १०, ५, ३, २ आणि पुढे सगळे १. गुणाकार ३००.

सावधान: ३ साठी ६ वर थांबणं ही नेहमीची चूक. ९ आणि १८ मध्ये ३ दोनदा आहे. पुढचा घात २० च्या पलीकडे जाईपर्यंत मोजत राहा.

१! × २! × ३! × … × १०! असा गुणाकार आला तरी घाबरायचं कारण नाही. प्रत्येक फॅक्टोरियलमधल्या २ चे घातांक ओळीने लिहा: ०, १, १, ३, ३, ४, ४, ७, ७, ८. बेरीज ३८. तसंच ३ चे १७, ५ चे ७, ७ चे ४. पर्याय २०, ९, ४, ३. उत्तर २१६०. इथे टप्पा ४ ची शिस्त नसेल तर काही खरं नाही.

सरावासाठी, चुकीच्या निदानासह

१७६४: उत्तर ८. संख्या ४२ चा वर्ग आहे, म्हणून थेट ४२ चे विभाजक मोजा. १ आलं तर क्रम उलटा झालाय, टप्पा ५ पुन्हा वाचा.

१५!: उत्तर ९६. ७२ आलं तर ३ च्या पटी मोजताना ९ विसरलात.

२०!, फक्त विषम वर्ग: उत्तर ३०.

२०^३ × ५०^३: उत्तर २५. ६४ आलं तर दोन्ही सुटे मोजलेत. हा गुणाकार म्हणजे १ अब्ज, २^९ × ५^९.

२१०: उत्तर १. ० लिहिलं असेल तर पर्यायांच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा.